लहरींवरचे शेजारी

मुलांनो, २६ जुलै २००५ हा दिवस आमच्या नवीन पनवेलमधील मोठी माणसे अजून विसरलेली नाहीत. तुमचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मी नववीत शिकत होते. दुपारपासून पाऊस असा कोसळू लागला की समोरची इमारत दिसेना. मुंबईत सांताक्रूझ येथे त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पनवेलमध्ये गाढी नदीचे पाणी वस्तीत शिरले. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. माझे अब्बा मस्जिद बंदरला कामाला होते. रोज रात्री साडेआठपर्यंत ते घरी येत. त्या रात्री ते आले नाहीत.

वीज गेली होती. घरचा फोन मुका झाला होता. शेजारच्या काकांकडे मोबाइल होता. पण तो लागत नव्हता. अम्मी खिडकीपाशी बसून होती. आमच्याकडे सेलवर चालणारा एक छोटा रेडिओ होता. त्यावर बातम्या येत होत्या. कुठे किती पाणी साचले, किती गाड्या अडकल्या, सगळे कळत होते. अब्बा कुठे आहेत, एवढेच कळत नव्हते. माझा धाकटा भाऊ तेव्हा लहान होता. त्याने रेडिओजवळ तोंड नेऊन विचारले, "हमारे अब्बा कहाँ हैं?" आम्हांला हसूही आले आणि रडूही आले. रेडिओ बोलत होता. पण आमचे ऐकत नव्हता.

अब्बा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पायी चालत घरी आले. तुटलेल्या चपला त्यांच्या हातात होत्या.

बोलणारा आणि ऐकणाराही रेडिओ असतो, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. त्याला हौशी रेडिओ किंवा हॅम रेडिओ म्हणतात. हौशी म्हणजे शौकीन. पगारासाठी नव्हे, नफ्यासाठी नव्हे, तर आवड म्हणून जी माणसे स्वतःचे रेडिओ केंद्र चालवतात, ती हौशी रेडिओचालक होत. जगभर त्यांना 'हॅम' म्हणतात. मी हा शब्द प्रथम वर्गात फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हम रेडिओ म्हणजे आपला रेडिओ का?" शब्दाचा अर्थ तो नाही. तरी मी त्या मुलाचे उत्तर चूक म्हटले नाही.

आपला नेहमीचा रेडिओ फक्त लहरी पकडतो. हॅमचा संच लहरी पकडतो आणि पाठवतोही. तुम्ही म्हणाल, मग मोबाइलमध्ये आणि यात फरक काय? फरक मोठा आहे. तुमचा मोबाइल थेट तुमच्या मित्राच्या मोबाइलशी बोलत नाही. तो जवळच्या टॉवरशी बोलतो. टॉवर कंपनीच्या केंद्राशी बोलतो, ते केंद्र दुसऱ्या टॉवरशी, आणि तो टॉवर तुमच्या मित्राशी. ही साखळी लांब आहे. टॉवरला वीज लागते. वीज गेली की तो बॅटरीवर काही तास चालतो, मग गप्प होतो. साखळीची एक कडी तुटली की सगळे तुटते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा हेच झाले. विजेचे खांब आडवे झाले. मुरूड, श्रीवर्धनच्या कितीतरी गावांत अनेक दिवस दिवा लागला नाही. फोनही बंद होते. गावातली माणसे सुखरूप होती. पण मुंबईत राहणाऱ्या त्यांच्या मुलांना ते सांगणार कोण?

हॅम केंद्राला साखळी लागत नाही. एक संच, गाडीत असते तशी १२ व्होल्टची एक बॅटरी, थोडी तार आणि तो चालवणारा माणूस, एवढे पुरते. बोलणारा एका टोकाला, ऐकणारा दुसऱ्या टोकाला आणि मध्ये फक्त हवा.

मध्ये फक्त हवा असते, म्हणून अडचणीही असतात. नवीन पनवेलमधल्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर उभे राहा. एका बाजूला माथेरानचा डोंगर दिसतो, दुसरीकडे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. हातात मावणाऱ्या छोट्या संचाच्या लहरी साधारण नजरेसारख्या चालतात. नजर पोचते तिथवर त्या पोचतात. डोंगर आडवा आला की अडतात. अशा संचाची शक्ती सुमारे ५ वॅट असते. घरातल्या साध्या एलईडी दिव्याहूनही ती कमी आहे. म्हणून हॅम मंडळी उंच जागी 'रिपीटर' नावाचे यंत्र बसवतात. ते खालून आलेला आवाज पकडते आणि त्याच क्षणी जास्त जोराने पुन्हा सोडते. मग डोंगराच्या अलीकडचा माणूस पलीकडच्या माणसाशी बोलू शकतो.

दुसऱ्या प्रकारच्या लहरी मात्र गमतीच्या आहेत. जमिनीपासून साधारण १०० ते ४०० किलोमीटर उंचीवर हवेचे काही थर आहेत. सूर्याच्या किरणांमुळे तिथे विद्युतभार तयार होतो. भिंतीवर फेकलेला चेंडू परत यावा तशा लघुलहरी या थरांवरून खाली परत येतात. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी दिवसा पनवेलहून कोल्हापूर, बेळगाव, हैदराबादपर्यंत आरामात जातात. सूर्य मावळला की आकाशातले थर बदलतात आणि त्याच लहरी समुद्र ओलांडतात. म्हणून काही हॅम मंडळी रात्री उशिरापर्यंत जागतात आणि घरच्यांची बोलणी खातात!

आता सुरुवात कशी करायची ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे ऐकणे. तुम्हांला वाटेल, यात शिकण्यासारखे काय आहे? पण मी पाहिले आहे, नवा माणूस बोलायला उतावीळ असतो आणि तिथेच चुकतो. घरातल्या जुन्या रेडिओवर लघुलहरींचा पट्टा असेल तर रात्री तो हळूहळू फिरवून पाहा. हॅमचे बोलणे सापडले तर ते बदकाच्या 'क्वॅक क्वॅक'सारखे वाटेल. रेडिओ बिघडला असे समजू नका. हॅम मंडळी शक्ती वाचवण्यासाठी लहरीचा काही भाग गाळून पाठवतात. तो भाग पुन्हा भरून काढण्याची सोय साध्या रेडिओत नसते, म्हणून आवाज असा येतो. हॅमच्या संचात ती सोय असते. काही हॅमनी आपले संच इंटरनेटला जोडून ठेवले आहेत. त्यामुळे संगणकावरही हे बोलणे स्पष्ट ऐकता येते.

ऐकता ऐकता तुमच्या लक्षात येईल की ही मंडळी अक्षरे वेगळ्या पद्धतीने सांगतात. ए म्हणायचे तर 'अल्फा', बी म्हणायचे तर 'ब्राव्हो', सी म्हणजे 'चार्ली'. असे का? उर्दूच्या तासाला तुम्ही बे, पे, ते लिहिता. एखाददुसऱ्या नुक्त्याचा फरक! नुक्ता चुकला की शब्द बदलतो. रेडिओवर खरखर असते. बी, डी, पी, टी ही इंग्रजी अक्षरे त्या खरखरीत सारखीच ऐकू येतात. औषधाचे नाव किंवा गावाचे नाव एका अक्षराने चुकले तर काय होईल, विचार करा. म्हणून प्रत्येक अक्षराला एक पूर्ण शब्द दिला आहे.

काही जण तर बोलतच नाहीत. ते मोर्स लिपीत टिकटिक करतात. या लिपीत एक आखूड आवाज आणि एक लांब आवाज असतो. लांब आवाज आखडाच्या तिप्पट. ई म्हणजे एक आखूड, टी म्हणजे एक लांब. भारतातील तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली. पोस्टातली ती टिकटिक आता ऐकू येत नाही. पण हॅम मंडळींनी ती जपली आहे. जिथे बोललेला शब्द खरखरीत बुडतो, तिथे टिकटिक ऐकू येते, म्हणूनच ती टिकली. ही लिपी ठिपके पाहून पाठ करू नका, कानाने शिका. आमच्या वर्गातल्या दोन मुलींनी पट्टीने बाकावर वाजवून ती शिकायला घेतली. त्यांच्या गणिताच्या शिक्षकांनी माझ्याकडे तक्रार केली. ती योग्यच होती.

दुसरी गोष्ट परवाना. उर्दूत परवाना म्हटले की आपल्याला शमेभोवती फिरणारा पतंगा आठवतो. मराठीत परवाना म्हणजे सरकारने दिलेली लेखी परवानगी. परवान्याशिवाय रेडिओवर ऐकता येईल. बोलणे मात्र गुन्हा आहे. बाजारात स्वस्त संच दिसला म्हणून विकत घेऊन त्यावर बोलू नका. त्या लहरींशेजारीच पोलिसांच्या, विमानांच्या, जहाजांच्या लहरी असतात. आपल्या खेळाने कुणाचा तरी महत्त्वाचा निरोप बुडू शकतो.

परवान्यासाठी केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग परीक्षा घेतो. वयाची १२ वर्षे पूर्ण झाली की या परीक्षेला बसता येते. म्हणजे तुमच्यातील पुष्कळ जण आजच पात्र आहेत! परीक्षेत थोडी वीजशास्त्राची माहिती असते, आणि रेडिओचे नियम असतात. 'रिस्ट्रिक्टेड' हा सुरुवातीचा दर्जा आहे; 'जनरल' हा त्यापुढचा. अर्ज करण्यापूर्वी विभागाचे ताजे नियम पाहून घ्यावेत, कारण ते अधूनमधून बदलतात. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर परवाना मिळतो आणि त्यासोबत एक संकेतनाम मिळते. भारतातील हॅमचे संकेतनाम व्हीयू या अक्षरांनी सुरू होते. पुढे २ किंवा ३ हा आकडा आणि मग आणखी अक्षरे. संपूर्ण जगात हे संकेतनाम दुसऱ्या कुणाचेही नसते.

परवान्याची ही कथा जुनी आहे. दुसरे महायुद्ध १९३९ मध्ये सुरू झाले, तेव्हा इंग्रज सरकारने सर्व हौशी केंद्रे बंद करवली आणि संच जमा करून घेतले. तरीही ज्याच्या डोक्यात विद्या आहे, त्याच्याकडून ती कोण जमा करून घेणार? १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनात मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. नरिमन प्रिंटर यांना पूर्वीपासून हौशी रेडिओचे ज्ञान होते. त्यांनी प्रक्षेपक तयार केला. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, जागा बदलत बदलत, हे केंद्र चालले. शेवटी पोलिसांनी धाड घातली. उषाबहेनना ४ वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्याकडे परवाना नव्हता, हे खरे. पण तो देणारे सरकारही आपले नव्हते.

परवाना मिळाला, आता बोलायचे कुणाशी? येथेच या छंदाची खरी गोडी आहे. हॅम आधी शांतपणे ऐकतो. ती लहर रिकामी आहे ना, याची खात्री करतो. मग म्हणतो, "सीक्यू, सीक्यू." याचा अर्थ, "कुणी ऐकत आहे का? कुणीही बोला." मग तो आपले संकेतनाम सांगतो आणि थांबतो. हा थांबण्याचा क्षण मोठा विलक्षण असतो. खरखरीतून कोण उत्तर देईल, काही सांगता येत नाही. नागपूरचा शेतकरी असेल, केरळातील डॉक्टर असेल. जॉर्डनचे राजे हुसेन हेही हॅम होते. त्यांचे संकेतनाम जेवाय१ होते. 'सीक्यू' म्हणणाऱ्या एखाद्या साध्या माणसाला कधी कधी खुद्द राजाचे उत्तर येई! रेडिओवर त्यांना कुणी 'जहाँपनाह' म्हणत नसे. तिथे सगळे नावाने आणि संकेतनामाने ओळखले जातात.

रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या लहरीवर हॅम मंडळी जमतात. या जमण्याला 'नेट' म्हणतात. एक जण हजेरी घेतो. प्रत्येक जण आपल्या पाळीला बोलतो. "आमच्याकडे ढगाळ आहे, तुमचा आवाज स्वच्छ येतो आहे," असे साधे बोलणे! धंद्याची जाहिरात करायची नाही, सांकेतिक भाषेत काही लपवायचे नाही, कुणाचे मन दुखवायचे नाही, असे नियम आहेत. पुरुष हॅमला 'ओएम' म्हणजे ओल्ड मॅन म्हणतात, मग तो पंधरा वर्षांचा का असेना. स्त्री हॅमला 'वायएल' म्हणजे यंग लेडी म्हणतात, मग ती सत्तर वर्षांची आजी का असेना. निरोप घेताना '७३' म्हणतात. त्याचा अर्थ शुभेच्छा. पुढे आठवण म्हणून एकमेकांना कार्ड पाठवतात. त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. काही हॅमच्या घरी अशा कार्डांनी भिंती भरलेल्या असतात. आणि ज्यांचा आवाज वर्षानुवर्षे ऐकला, ते प्रत्यक्ष भेटले तर त्या भेटीला 'आयबॉल' म्हणतात!

नव्याने येणाऱ्याला एक उस्ताद मात्र हवा. पुस्तकात अँटेनाची लांबी सापडते. ७ मेगाहर्ट्झसाठी साधारण २० मीटर तार लागते, असे तिथे लिहिलेले असते. पण ती तार गच्चीवर कशी ताणायची, पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की ती संचापासून का काढून ठेवायची, हे उस्ताद दाखवतो. शिवाय सोसायटीच्या सेक्रेटरींना काय सांगायचे, हेही तोच शिकवतो. गच्चीवर तार दिसली की लोक म्हणतात, "मोबाइलचा टॉवर बसवताय का?" त्यांना न रागावता गच्चीवर बोलवावे, संच दाखवावा आणि दोन शब्द ऐकवावेत. उस्ताद शोधण्यासाठी मुंबई, पुण्यासारख्या शहरांतील हॅम मंडळांकडे जावे. भारतातील हॅमची राष्ट्रीय संस्था 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' ही आहे. मंडळाची माणसे मुलांसाठी 'फॉक्स हंट' नावाचा खेळही घेतात. एक छोटा प्रक्षेपक झाडाझुडपांत लपवतात आणि मुले अँटेना फिरवून, आवाज कुठून जोरात येतो ते पाहून तो शोधून काढतात.

रोजच्या या साध्या गप्पांचा उपयोग काय, असे तुम्हांला वाटेल. त्यासाठी अंदमानची हकिकत ऐका. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेतील भारती प्रसाद डिसेंबर २००४ मध्ये सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून बऱ्याच वर्षांनी हॅम केंद्र चालवायची परवानगी मिळाली होती. जगभरचे हॅम त्यांच्याशी दोन शब्द बोलण्यासाठी धडपडत होते. सगळा आनंदाचा मामला होता. २६ डिसेंबरच्या पहाटे जमीन हादरली. मग समुद्र वर आला. ती त्सुनामी होती. फोन बंद पडले. बेटांचा मुख्य भूमीशी संबंध तुटला. भारती प्रसाद यांनी गप्पा थांबवल्या आणि त्याच संचावरून मदतीचे निरोप देण्यास सुरुवात केली. कोण सुखरूप आहे, कुठे काय हवे आहे, असे निरोप त्या मुख्य भूमीवरील हॅमना देत. ते हॅम पुढे त्या त्या घरी कळवत. त्यांचा एक सहकारी कार निकोबार बेटावर गेला आणि तिथून त्याने संपर्क जोडला. ज्या लहरीवर कालपर्यंत हवापाण्याच्या गप्पा होत होत्या, त्याच लहरीवर आता एखाद्या आईला मुलाची खुशाली कळत होती. मोठ्याने न ओरडता, पाळी पाळून, एकेक अक्षर स्पष्ट सांगण्याची सवय त्या गप्पांनीच लावली होती.

आमच्या गच्चीवरून गेल्या हिवाळ्यात आठवीच्या सहा मुलांनी एक गोष्ट केली. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही हॅम केंद्र आहे. १९८३ मध्ये ओवेन गॅरियट या अंतराळवीराने अवकाशातून प्रथम पृथ्वीवरील हॅमशी संभाषण केले. तेव्हापासून ही परंपरा सुरू झाली. स्थानकाचा आवाज १४५.८ मेगाहर्ट्झवर येतो. ते आपल्या डोक्यावरून जाते तेव्हा जास्तीत जास्त दहा मिनिटे मिळतात. आमच्या ओळखीचे एक परवानाधारक चाचा आपला छोटा संच घेऊन आले होते. पहिल्या दिवशी काहीच ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी माथेरानच्या बाजूने खरखर एकदम कमी झाली आणि एका माणसाचा आवाज आला. तो इंग्रजीत कुणाला तरी उत्तर देत होता. शब्द नीट समजले नाहीत. अर्ध्या मिनिटात आवाज गेला.

मुले कितीतरी वेळ आकाशाकडे पाहत राहिली. मग त्यांतली एक मुलगी चाचांना म्हणाली, "परीक्षेचा फॉर्म कुठे मिळतो?"

शब्दार्थ
हौशी – शौकीन. लहर – मौज. प्रक्षेपक – आवाज लहरींवरून पाठवणारे यंत्र. खुशाली – ख़ैरियत. उतावीळ – बेसब्र. छंद – शौक.

स्वाध्याय
१. 'रेडिओ बोलत होता. पण आमचे ऐकत नव्हता.' लेखिकेने असे का म्हटले आहे?
२. मोबाइल बंद पडला तरी हॅम केंद्र कसे चालू राहू शकते?
३. रेडिओवर अक्षरांऐवजी शब्द का वापरतात? तुमच्या नावाची इंग्रजी अक्षरे याच पद्धतीने सांगा.
४. 'पाळी', 'तार', 'परवाना' या शब्दांचे दोन दोन अर्थ शोधा आणि वाक्यांत उपयोग करा.
५. उपक्रम : पूर किंवा वादळात फोन बंद असताना निरोप कसे पोचवले, हे घरातील मोठ्या माणसांना विचारा आणि दहा ओळी लिहा.